खाटेवरून खाली

मुलांचा विभाग, तिसरा मजला
४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रोज संध्याकाळी फोनवर बोलतोच, मग हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोन करतो तेव्हा भिंगरी माझ्या दंडाला टेकून ऐकत असते, आणि तिकडे तुझ्या खांद्याशी ही उभी असते. दोन्हीकडे कान टवकारलेले. मग आपण बाळाच्या सर्दीवर बोलतो आणि ठेवून देतो. जे विचारायचं ते राहतंच. म्हणून लिहितो. हिला यातलं काय सांगायचं ते तू ठरव.

भिंगरीच्या केमोची पहिली फेरी संपत आली. रक्त औषधाला साथ देतंय, असं मोठे डॉक्टर म्हणतात. केस गेले. तोंड सुजून गोल झालंय. आरशात बघून आपण आपल्याच आजोबांसारखे दिसतो, असं ती म्हणाली. त्याचं मला फार काही वाटत नाही, केस येतात. पण गेल्या आठवड्यापासून तिचं डावं पाऊल वर उचललं जात नाही. चालताना ते फरशीवर थापकन पडतं. एका औषधाने नसा दुबळ्या होतात, पुढे बहुतेक सुधारतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. बहुतेक म्हणजे किती, हे मी विचारलं नाही.

तेव्हापासून मी तिला खाली उतरू देत नाही. मोरीपर्यंत उचलून नेतो. दात घासायचं तबक, पुस्तकं, खाणं, सगळं खाटेवर. आठ वर्षांची मुलगी आता उचलायला इतकी हलकी आहे की मला माझ्याच ताकदीचा संशय येतो.

इथे एक बाई आहेत. हुद्दा व्यायामोपचाराचा, पण मुलं त्यांना खेळाच्या बाई म्हणतात. फुगे, कापडी चेंडू, जमिनीवर चिकटवायच्या रंगीत पट्ट्या आणि तीन पायऱ्यांचा एक लाकडी जिना असा सगळा संसार ढकलत त्या वॉर्डभर फिरतात. दोनदा आमच्या दाराशी आल्या. दोन्ही वेळा मी नम्रपणे परत पाठवलं. रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी आहेत, मुलगी पडली तर आतल्या आत रक्त वाहील, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. तरी येतात. त्या गेल्या की भिंगरी भिंतीकडे तोंड करून झोपते.

तू एकतीस वर्षं शाळेत मुलींना व्यायाम शिकवलास. तुझं मत मला हवंय. आजारी मुलाने पडून राहावं की नाही?

बाकी, वॉर्डातलं भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं मागे होतं. घड्याळजीच्या डोळ्याला ते बघवेना, म्हणून उघडून नीट केलं. आता सकाळपाळीच्या नर्सबाई रोज सात मिनिटं उशिरा येतात आणि माझ्याकडे रागाने बघतात.

तुझी माया आहे म्हणून एवढं मोकळं लिहिलं. ती राहू दे.

तुझा,
धाकटा


घरून
११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, मुंगीने चष्मा लावून वाचावं असं.

तुझं बरोबर आहे. त्यात विचारण्यासारखं काय आहे? ताप आलेल्या मुलीला मी कधी मैदानावर उतरवलं नाही. ज्यांच्या तब्येतीची तक्रार असे त्यांना सरळ कडेच्या पायरीवर बसवत असे. एकतीस वर्षांत माझ्या तासाला एकही मुलगी दगावली नाही की कुणाचं हाड मोडलं नाही. आजारी शरीराचं काम एकच, बरं होणं. त्या बाईंना सांग की माझ्या बहिणीने मैदानावर जन्म काढलाय आणि तिचं मत हे असं आहे. फुगे मग उडवता येतील.

इकडे बाळ कुशीवर वळायला लागलं. वळतं आणि परत सुलटं होता येत नाही म्हणून आरडाओरडा करतं. अगदी तुझ्यावर गेलंय. तुझी ही दिवसभर कामात असते, बोलत नाही. काल भिंगरीचे सगळे कपडे काढले, घड्या मोडून परत घातल्या आणि ठेवून दिले. तान्ह्याला वॉर्डात घेत नाहीत आणि अंगावर पिणाऱ्याला सोडून येता येत नाही, यात तिची काही चूक नाही. पण तिला ते पटत नाही.

तू मात्र स्वतः दोन घास नीट खा. चेंडू अंगावर आला की डोळे मिटणारा तू, तुला आता तिथे डोळ्यांत तेल घालून बसायचंय.

भिंगरीला आत्याचा गालगुच्चा. सांभाळून राहा, आणि असंच मनातलं कळवत जा.

तुझी,
ताई


मुलांचा विभाग
१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी हे सांगतो की भिंगरी ठीक आहे. मग बाकीचं.

तुझं मत मी खेळाच्या बाईंना शब्दशः कळवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. राग आला नाही. फक्त विचारलं की तुमच्या बहिणीने ज्या मुलींना पायरीवर बसवलं, त्या किती दिवस बसल्या आणि पुढे त्यांचं काय झालं. बहिणीला विचारून सांगतो म्हणालो. तेव्हा हा प्रश्न तुझ्याकडे.

हे झालं सोमवारी. मंगळवारी दुपारी मी पाणी भरायला गेलो. चार मिनिटं, फार तर पाच. बाहेर व्हरांड्यात बाईंनी मुलांना जमवून फुगा उडवायचा खेळ मांडला होता. फुगा जमिनीला टेकू द्यायचा नाही एवढाच नियम. भिंगरीला आवाज येत होता, दिसत नव्हतं. ती खाटेवरून एकटीच उतरली. दोन आठवडे जमिनीला पाय लागलेले नाहीत. तिसऱ्या पावलाला गुडघे वाकले आणि ती तोंडावर आपटली.

मी आलो तेव्हा नर्सबाई तिला मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि नाकातून रक्त येत होतं. ते पाऊण तास थांबलं नाही. मग बाहेरून पेशी चढवल्या. डोक्याचा फोटो काढला, तो चांगला आला. कपाळ आणि गुडघे निळेजांभळे आहेत. ती रडली नाही. मी ओरडेन एवढीच तिला भीती होती. मी ओरडलो नाही. माझ्या हातात तो पाण्याचा जग तसाच होता, नंतर कुणीतरी काढून घेतला.

संध्याकाळी मोठे डॉक्टर आले. मी त्यांना म्हणालो की बघा, म्हणूनच मी तिला उतरू देत नव्हतो. ते खुर्ची ओढून बसले. ते कधी बसत नाहीत, म्हणून मी घाबरलो. त्यांनी तिची पोटरी माझ्या मुठीत धरायला लावली. माझी बोटं एकमेकांवर चढली. काही औषधाने गेलं, पण बरंचसं नुसतं पडून राहिल्याने गेलं, असं ते म्हणाले. ती चालली म्हणून पडली नाही, चालायची बंद झाली म्हणून पडली. खाट ही काही सुरक्षित जागा नाही, तिथे माणूस हळू पडतं एवढाच फरक, असंही म्हणाले.

आता तूच सांग मी काय करू. तुझं ऐकलं म्हणून असं झालं असं मी म्हणत नाही. मला जे ऐकायचं होतं तेच तू सांगितलंस.

हिला पडल्याचं सांगू नकोस. फोनवर मी सगळं ठीक म्हणालोय.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून,
धाकटा


घरून
२५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला. कारण सांगते.

त्या बाईंचा प्रश्न वाचून पहिल्यांदा मला राग आला. मग मी आठवायला बसले की पायरीवर कोण कोण बसायचं. नावं आठवेनात. एकच चेहरा आठवला. हृदयाचं काही दुखणं होतं तिला. पाचवी ते आठवी, चार वर्षं ती माझ्या तासाला पायरीवर बसली. इतर मुली तिच्याकडे चष्मे, रिबिनी, हातातली घड्याळं ठेवायला देत. फार जबाबदारीने सांभाळायची. मी तिचं कौतुक करत असे.

ती आता बँकेच्या शेजारी औषधांचं दुकान चालवते. मी खोकल्याचं निमित्त करून गेले. तिने लगेच ओळखलं आणि बसायला स्टूल दिलं. मी इकडचं तिकडचं बोलून शेवटी विचारलंच की तुला तो तास आठवतो का. ती हसली आणि म्हणाली की मनात काही नाही, बाई. पण एक गोष्ट विचारायची राहून गेली होती, आता विचारते. सहावीत असताना तिच्या वडिलांनी डॉक्टरांची चिठ्ठी आणून दिली होती. हिला हलके खेळ चालतील, उलट खेळू द्यावं, दम लागला की थांबवावं, अशी. त्या चिठ्ठीचं काय झालं, असं तिने विचारलं.

धाकट्या, ती चिठ्ठी मी टेबलाच्या खणात ठेवली होती. चाळीस मुलींत एकीच्या दमाकडे लक्ष ठेवायचं तर बाकीच्यांकडे कोण बघणार, असा विचार केला होता. मग विसरले. पार विसरले. तिने सांगेपर्यंत ती चिठ्ठी होती हेही मला आठवत नव्हतं. तिला कागदाचा रंगसुद्धा आठवतो.

मी तिला हेच सांगितलं. तिने मान हलवली, खोकल्याचं औषध पिशवीत घालून दिलं आणि दिवसातून किती वेळा घ्यायचं ते समजावून सांगितलं. खोकला नाही हे तिला कळलं असावं.

मुलगी दगावली नाही असं मी तुला फुशारकीने लिहिलं होतं. मी त्यांना जपत नव्हते, माझी काळजी वाचवत होते. माझं आधीचं मत मी मागे घेते. त्या बाई सांगतील ते कर. त्यांना माझं उत्तर असं सांग की चार वर्षं, आणि पुढे काय झालं ते विचारायला मला सत्तावीस वर्षं लागली.

पडल्याचं मी तुझ्या हिला सांगितलं. तू नको म्हणाला होतास, पण या घरात राहून तिच्या तोंडावर खोटं बोलणं मला जमणार नाही. ती दोन दिवस माझ्याशीही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बाळाला पाजताना तिने विचारलं की त्या बाई कुठकुठले खेळ घेतात. तेवढं लिहून कळव.

चुकलं ते पदरात घे.

तुझी,
ताई


मुलांचा विभाग
९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं उत्तर बाईंना सांगितलं. त्यांनी ते त्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतलं आणि मग मला म्हणाल्या की चला, बूट घाला. बूट मला घालायला सांगत होत्या, भिंगरीला नव्हे.

हिला कळवायचंय म्हणून सविस्तर लिहितो. बाई रोज सकाळी आधी रक्ताचा अहवाल बघतात आणि मग प्रत्येक दारावर चिठ्ठी लावतात. हिरवी असेल तर व्हरांड्यात खेळायचं. पिवळी असेल तर खोलीतच, पण पाय जमिनीवर. लाल म्हणजे पेशी फार खाली, उतरायचं नाही. त्या दिवशी खाटेवर फुगा, नाही तर कागदाच्या होडीला नळीने फुंकर मारून चादरीवरून पलीकडे न्यायचं. मला वाटायचं की त्या सगळ्यांना सरसकट पळवत असतील. माझ्या कामात मी जेवढा मोजूनमापून हात लावतो, त्याहून त्या जास्त मोजतात. फक्त त्यांच्या हिशेबात खेळाशिवाय दिवस नाही.

डाव्या पावलाला आधाराची पट्टी मिळाली. रोज पायाच्या बोटांनी गोट्या उचलून वाटीत टाकायच्या. पहिल्या दिवशी एकही उचलली नाही. तिने वाटी लाथेने उडवली. बाई म्हणाल्या की वा, लाथ चांगली बसते, म्हणजे चेंडूचं बघू. परवा पाच गोट्या झाल्या. जमिनीवर निळ्या पट्टीची रेघ आहे, तीवरून टाच-बोट टाच-बोट चालायचं. रेघ म्हणजे पूल आणि फरशी म्हणजे पाणी. मी तीन वेळा पाण्यात पडलो. ती एकदा.

शेजारच्या खाटेवर तेरा वर्षांची मुलगी आहे. पायाच्या हाडाचा आजार आहे, दुसऱ्यांदा आलाय. तिला सगळे कॅप्टन म्हणतात. ती एका कुबडीवर उभी राहून चेंडू मारते आणि कुबडीने मारलेला गोलही धरा म्हणून भांडते. गोलकीपर मी. दोन खुर्च्यांच्या मध्ये स्टुलावर बसायचं, उठायचं नाही, असा कॅप्टनचा नियम. भिंगरी सलाईनचा स्टँड एका हाताने धरून खेळते. मधेच त्याचं यंत्र पीं पीं करायला लागलं की त्याला पंचांची शिट्टी समजतात आणि सगळे थांबतात. काल मी सात गोल खाल्ले. ताई, मला अजून चेंडू आला की डोळे मिटायची सवय आहे. दोघींना ते कळलंय.

कशाने काय होतं ते मला ठाऊक नाही. पण काल ती संध्याकाळी भूक लागली म्हणाली. महिन्याभरात हा शब्द ऐकला नव्हता.

हिला सांग की पडल्याचं लपवलं ते चुकलं. मी स्वतः सांगेनच.

तुम्हा सगळ्यांच्या आठवणीत,
धाकटा


१२ मार्च

प्रिय आत्या आणि आई आणि बाळ,

बाबा म्हणाले पत्र लिही म्हणून लिहिते. मी बरी आहे. माझं पाऊल वर येतं पण पूर्ण नाही. बाबा गोलकीपर आहेत पण ते खूप वाईट आहेत. कॅप्टन म्हणते तुझे बाबा घड्याळाचे काटे बघू शकतात मग एवढा मोठा चेंडू कसा दिसत नाही. मी बाबांना शिकवणार आहे.

लाल चिठ्ठी मला आवडत नाही. पण होडीच्या शर्यतीत मी पहिली आले. कॅप्टन म्हणते तू चादर हलवलीस. मी नाही हलवली. थोडी हलली.

आई तू रडू नकोस. बाळाला माझा निळा हत्ती दे पण कान चोखू देऊ नको.

आत्या तू शाळेत असताना शिट्टी वाजवायचीस ती आहे का. असेल तर पाठव. इथे यंत्राची शिट्टी मधेच वाजते ती बरोबर नाही.

पत्र संपलं. मला खेळायला जायचंय.

भिंगरी


घरून
२० मार्च

चि. धाकट्यास आणि चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

भिंगरीबाई, शिट्टी सोबत पाठवली आहे. चांगली गरम पाण्याने धुवून, उकळून पाठवली. तुमच्या नर्सबाईंना दाखवूनच तोंडात धरायची. आणि वाजवायची ती नियम मोडला तरच. हौसेने वाजवणाऱ्याचं कुणी ऐकत नाही.

धाकट्या, तुझं पत्र तुझ्या हिने तीनदा वाचलं. मग स्वयंपाकघराच्या फरशीवर टाच-बोट चालून बघितलं. मी दारातून बघत होते हे तिला माहीत नाही. बाळाचा निळ्या हत्तीचा कान चोखून झालाय, पण ते तिकडे कळवू नये असं आमचं दोघींचं ठरलंय. चार ओळी तिच्याकडून खाली आहेत.

घरचं सारं नीट आहे. तुम्ही आपापलं बघा.

तुझी,
ताई

ता. क.
मी काही रागावलेली नाही असं ताईंनी लिहायला सांगितलं, पण मी रागावलेली आहे. पुन्हा माझ्यापासून काही लपवू नका. वाईट बातमी मला झेपते, बातमी नसली की झेपत नाही. तिला खेळू द्या. पट्टी नवीन आहे, टाचेला घासत असेल तर मोजा दुहेरी घाला. तुमचे मोजे फाटलेले असणार, ताईंच्या पार्सलात दोन जोड आहेत.


मुलांचा विभाग
६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ही म्हणाली तसं काही लपवत नाही. हे पत्र तिलाही वाचायला दे.

कॅप्टन गेली. मागच्या शनिवारी तिला ताप भरला, वरच्या मजल्यावर नेलं. बुधवारी सकाळी तिचे आईवडील येऊन तिचं सामान घेऊन गेले. आई दारात थांबली आणि मला म्हणाली की तिने वरच्या मजल्यावर नेल्यावरसुद्धा सगळ्या डॉक्टरांना सांगितलं, गेल्या आठवड्यात मी एका घड्याळजीला चार गोल मारले. खरं तर तीन होते. मी चार होते म्हणालो.

मुलांना बाईंनीच सांगितलं. व्हरांड्यात जमिनीवर बसून, आवाज न बदलता. भिंगरीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की ती खेळली म्हणून गेली का. बाईंनी नाही म्हणून सांगितलं. ताप जंतूंमुळे आला, तिचा आजार फार पुढे गेलेला होता, खेळाने तो आला नाही आणि खेळाने तो थांबलाही नसता, एवढंच म्हणाल्या. मग खेळायचं कशाला, असं भिंगरीने विचारलं. बाई म्हणाल्या की पाय चालते राहावेत म्हणून आपण खेळतो, आणि कॅप्टनला खेळायला आवडायचं, तू तर बघितलंयस.

तेव्हापासून चार दिवस झाले, भिंगरी खाटेवरून उतरत नाही. तीन दिवस हिरवी चिठ्ठी होती. बाई येतात, दोन मिनिटं बसतात, जातात. ती भिंतीकडे तोंड करते. आणि खरं सांगू का, मला ते बरं वाटतंय. ती पडून आहे, माझ्या नजरेसमोर आहे. मी परत तिला उचलून मोरीत न्यायला लागलोय. चूक आहे हे कळतं, तरी हात पुढे होतात.

काय करावं ते सुचव. नाही सुचलं तरी दोन ओळी लिही.

धाकटा


घरून
१३ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र तुझ्या हिने मोठ्याने वाचलं. मधे थांबली, मग मी वाचलं.

एकदा सल्ला देऊन मी तोंडघशी पडलेय, म्हणून जपून लिहिते. तिला ओढून आणू नकोस. मी पुष्कळ मुलींना ओढून मैदानावर आणलंय. ओढून आणलेली मुलगी खेळत नाही, नुसती उभी राहते. तिला वाईट वाटतंय तर वाटू दे. आठ वर्षांच्या मुलीला मैत्रीण गेल्याचं दुःख होणारच, ते काय औषधाने जायचंय?

पण तू खाटेला चिकटून बसू नकोस. तू आपला उतर. एवढंच मला सुचतं.

आणि उचलून न्यायचं बंद कर, असं तुझी ही म्हणते. तिने हे दोनदा सांगितलं, म्हणून दोनदा लिहिते. उचलून न्यायचं बंद कर.

आमचा जीव तुमच्यापाशी आहे.

तुझी,
ताई


बसथांबा, हॉस्पिटलचं मागचं फाटक
२ मे, दुपार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र पेटीत टाकत नाही, उद्या तुझ्या हातातच देईन. घरी पोचल्यावर सगळ्यांच्या गलक्यात बोलणं व्हायचं नाही, आणि इथे मला एक तास मोकळा मिळालाय. तो का मिळाला ते पुढे येईल.

तुझं पत्र आलं त्या दुपारी मी कापडी चेंडू घेऊन एकटाच व्हरांड्यात गेलो. समोरच्या भिंतीवर मारायला लागलो. चाळिशी उलटलेला माणूस, पायात हिने पाठवलेले मोजे, आणि चेंडू एकदाही सरळ जाईना. एकदा औषधांच्या गाडीखाली गेला, एकदा नर्सबाईंच्या पाठीत बसला. त्यांनी यथेच्छ झापलं. मी माफी मागून परत मारायला लागलो. मुलं दारांतून डोकावून हसायला लागली. मला लाज वाटत होती, पण थांबलो असतो तर जास्त वाटली असती. दहा-बारा मिनिटं झाली असतील. मागून स्टँडच्या चाकांचा आवाज आला. भिंगरी भिंतीला धरून उभी होती. ती फार वैतागून म्हणाली की बाबा, बोटांनी नाही मारायचं, पायाच्या आतल्या बाजूने मारायचं, किती वेळा सांगितलं. मग दाखवलं. पहिला चेंडू तिचाही वाकडाच गेला. आम्ही त्या दिवशी गोल मोजले नाहीत.

पुढचे दिवस काही सरळ गेले असं नाही. तोंडात फोड आले, तापाने पाच दिवस लाल चिठ्ठी होती. एकदा तिने शिट्टी बाईंच्या अंगावर फेकली. पण परवा तिची परीक्षा घेतली. सहा मिनिटांत जमेल तेवढं चालायचं, असली परीक्षा. वेळ मी लावली, कारण वॉर्डात माझ्याशिवाय कुणाच्या घड्याळावर बाईंचा विश्वास नाही. मार्चच्या सुरुवातीला एकशे दहा मीटर झाले होते. परवा तीनशे साठ. पाऊल अजून थोडं घासतं. रक्तात त्या वाईट पेशी आता दिसत नाहीत. औषधं मात्र अजून दीड वर्ष आहेत, महिन्यातून दोनदा इथे यायचं आहे. मोठ्या डॉक्टरांनी त्याहून पुढचं काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

दहा दिवसांची सुट्टी मिळाली. रिक्षा करू म्हणालो, तर ती म्हणाली चालत जायचं. फाटकापासून थांबा दिसतो एवढ्यावर आहे, मोठ्या माणसाला पाच मिनिटं. आम्हाला पंचवीस लागली. ती दोनदा कठड्यावर बसली. मी पिशव्या खांद्याला लावून शेजारी उभा राहिलो, हात खिशात घालून, कारण बाहेर असले की ते पुढे होतात. आम्ही पोचलो आणि समोरून बस निघून गेली. ती माझ्यावर भडकली, तुमच्या पिशव्यांमुळे उशीर झाला म्हणाली. पुढची बस तासाने आहे.

इथे थांब्यामागे बुटकी दगडी भिंत आहे, गुडघ्याएवढी. तीवर दोन अनोळखी मुली तोल सांभाळत चालत होत्या. भिंगरीने मास्क नीट केला, मला विचारलं नाही, आणि तिकडे गेली. त्यांचं आपसांत काहीतरी बोलणं झालं, ते ऐकू आलं नाही. आधी मी उठून भिंतीजवळ जाऊन उभा राहणार होतो. मग म्हटलं आधी ताईला पत्र लिहून घ्यावं.

हसण्याचा आवाज येतोय. एकदा काहीतरी धपकन झालं, आणि त्यानंतरही हसण्याचाच आवाज आला. पहिल्या ओळीपासून इथवर, ताई, मी एकदाही मान वर केलेली नाही.

आता करतो. बस येताना दिसते आहे.

तुझा,
धाकटा